अण्णांच्या पायाला आधी कळलं

आमच्या लॉनला काहीतरी झालंय हे घरात सगळ्यात आधी अण्णांना कळलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८१, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पण रोज सकाळी चपला काढून हिरवळीवर २० फेऱ्या मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. एका सकाळी ते मधेच थांबले. उजव्या पायाने एकच जागा दोनतीनदा दाबून पाहिली आणि मला हाक मारली. म्हणाले, "अगं, इथे जमीन पोकळ लागतेय. गादीवर पाय पडल्यासारखं वाटतंय."

मी जाऊन पाहिलं. गवत हिरवंच होतं, जरा फिकं म्हणता येईल इतकंच. दुपारी मात्र तेवढाच भाग मलूल पडायचा. पाणी कमी पडत असेल असं समजून मी तिथे रोज जास्तीचा पाइप सोडायला लागले. आठ दिवसांत ताटाएवढा पिवळा डाग पडला, पंधरा दिवसांत शेजारी दुसरा दिसला आणि महिना व्हायच्या आत दोन्ही एकमेकांना जाऊन मिळाले.

पुढे मी जे केलं त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. लॉनवरच्या किडीचं औषध हवं म्हणून एक बाटली विकत आणली. कसली कीड, हे विकणाऱ्याने विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं, कारण मीच पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पंप पाठीला लावून सगळ्या हिरवळीवर फवारा मारला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आले तर गवतावर गांडुळं पडलेली. काही मेलेली, काही अजून अंग पिळत होती. ती सुपलीत गोळा केली, गोळा करताना मोजली. ६३ होती. ज्यांनी ती माती इतकी वर्षं भुसभुशीत ठेवली, त्यांनाच मी मारलं होतं, आणि पिवळा डाग पुढच्या आठवड्यात आणखी वीतभर सरकला.

माझी एक मावसबहीण शेतीशास्त्र शिकलेली आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, तू खणून पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. महिनाभर मी त्या डागाकडे उभ्यानेच बघत होते.

त्याच दुपारी खुरपं घेऊन बसले. जिथे पिवळं संपून हिरवं सुरू होतं तिथे खणायचं, असं तिने बजावलं होतं. पूर्ण वाळलेल्या मधल्या भागात खायलाच काही उरलेलं नसतं, त्यामुळे कीड तिथून पुढे गेलेली असते. एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन आखला. तीन बाजू चार बोटं खोल कापायच्या आणि चौथी बाजू तशीच ठेवून गवताचा थर उलटायचा, म्हणजे नंतर तो परत जागेवर बसवता येतो. मला दोनच बाजू कापाव्या लागल्या. सतरंजीची कड उचलावी तसा तो थर नुसत्या बोटांनी वर आला. खाली मुळं नव्हतीच. ज्या मुळांनी गवत जमिनीला धरून ठेवायचं, ती कुणीतरी कातरून नेली होती. अण्णांच्या पायाला जी गादी लागली ती हीच.

आणि मातीत त्या होत्या. मळकट पांढऱ्या, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठ्या, प्रत्येक अळी अर्धचंद्रासारखी वळलेली. डोकं तांबूस तपकिरी आणि टणक, त्यामागे सहा पाय, अंगावर विरळ तांबूस केस. मागचं टोक पातळ कातडीचं, आत गिळलेली माती काळी दिसत होती. एक तळहातावर घेतली तर ती आणखी घट्ट वळली, काही क्षण तशीच राहिली, मग हळूच सरळ होऊन बोटांच्या फटीत डोकं खुपसायला लागली. उजेड तिला नको होता. चौकोनातली सगळी माती हातांनी फोडून मोजल्या. १४ निघाल्या.

ही हुमणी. भुंगेऱ्यांची अळी. शेतातल्या हुमणीबद्दल ऐकलं होतं, घरच्या हिरवळीतही ती येते हे माहीत नव्हतं. तिचं वर्षाचं चक्र एकदा समजलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. भुंगेरे मातीतून बाहेर पडतात ते दिवेलागणीनंतर. मादी काही बोटं खोल जाऊन अंडी घालते, आणि त्यासाठी ती ओलसर जमीन शोधते. अंड्यातून निघालेली अळी आधी तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण तीन अवस्था होतात, आणि खरा फडशा पाडते ती तिसरी. पुष्कळ जातींचं चक्र वर्षभरात पुरं होतं, काहींना दोनतीन वर्षं लागतात. थंडी वाढली किंवा माती फार कोरडी झाली की अळ्या खोल उतरतात, मग वरून काहीही ओता, तिथवर पोचत नाही.

माझा पहिला डाग नेमका कुठे होता? बाहेरच्या भिंतीवरच्या दिव्याखाली. तो दिवा आम्ही रात्रभर चालू ठेवत होतो. भुंगेरे उजेडाकडे येतात, दिव्यावर आपटून खाली पडतात आणि जवळच अंडी घालतात. सकाळी पायरीवर उताणे पडलेले तपकिरी भुंगेरे मी कित्येक दिवस झाडून टाकत होते. माझ्या हिरवळीत पुढे काय होणार ते तिथेच पडलेलं होतं. वर मी त्याच जागेला जास्तीचं पाणी घालत होते. त्या पाण्यामुळे मुळं तुटलेलं गवत काही दिवस हिरवं राहिलं आणि आतलं नुकसान मला उशिरा दिसलं.

आता एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण एखादी अळी दिसली की लोक लगेच फवारायला धावतात. दोनचार हुमण्या प्रत्येक चांगल्या हिरवळीत असतात. मुळं दमदार असतील तर गवताला त्या जाणवतही नाहीत. साधारणपणे एका चौरस फुटात ५ ते १० च्या वर गेल्या तरच उपाय करावा असं मानतात, आणि नीट पाणी मिळणारी सशक्त हिरवळ त्याहून जास्तही सोसते. म्हणून एका जागी खणून थांबू नये. मी त्या दिवशी पाच ठिकाणी खणलं. दिव्याखाली १४, त्याच्या पुढे ९, झोक्यापाशी ३, नळापाशी २, कुंपणाजवळ एकही नाही. म्हणजे उपाय करायचा तो जेमतेम चौथ्या हिश्शाला. आणि मी विष मारलं होतं सगळीकडे. तेही वरच्या वाळक्या काड्यांच्या थरातच अडकून राहिलं, खालच्या हुमणीपर्यंत गेलंच नाही. गांडुळं मात्र रात्री वर येतात.

हुमणीसाठी मी शेवटी वापरले ते सूत्रकृमी. नाव ऐकून अण्णा आधी जरा बिचकले, कारण पिकांच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी त्यांना ठाऊक होते. हे वेगळे. हे फक्त किड्यांच्या मागे लागतात. हेटेरोऱ्हॅब्डिटिस बॅक्टेरिओफोरा असं लांबलचक नाव आहे. डोळ्यांना न दिसणारे हे धाग्यासारखे जीव मातीतल्या ओलाव्यातून सरपटत अळीपर्यंत जातात, तिच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटात सांभाळलेले जिवाणू तिथे सोडतात. एकदोन दिवसांत अळी मरते, आणि तिच्याच शरीरात सूत्रकृमींची पुढची पिढी वाढते. माणसाला, कुत्र्यामांजराला, गांडुळाला त्यांचा त्रास नाही.

पण हे जिवंत औषध आहे आणि त्याला तसंच जपावं लागतं. पाकीट आणलं की फ्रिजमध्ये ठेवायचं, मुदत बघायची, गार मातीत घालायचं नाही. ऊन आणि कोरडेपणा हे त्यांचे दोन शत्रू. मी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आधी जमीन चांगली भिजवली. पंपातली बारीक गाळणी काढून ठेवली, नाहीतर ते त्यातच अडकतात. फवारून झाल्यावर लगेच झारीने पुन्हा पाणी घातलं, म्हणजे पात्यांवर राहिलेले खाली मुळांपर्यंत जातात. त्यानंतर पंधरवडाभर तेवढ्या भागातली माती वाळू दिली नाही. अळ्या लहान असताना हे केलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं. थोराड हुमणीवर कुठलाच उपाय तितकासा चालत नाही.

आठ दिवसांनी खणलं तेव्हा पहिली मेलेली हुमणी सापडली. रंग विटकरी लाल झालेला, अंग लिबलिबीत. मी ती खुरप्याच्या पात्यावर घेऊन अण्णांना दाखवायला गेले. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन रंग ओळखला आणि म्हणाले, "परत मातीत ठेव, तिच्यात पुढची फौज आहे." तीन आठवड्यांनी दिव्याखालच्या चौकोनात १४ च्या जागी ५ मिळाल्या.

मेटारायझियम नावाची बुरशीही हुमणीवर वापरतात. किडा मेला की त्याच्या अंगावर तिची हिरवी बुकणी दिसते. १८७९ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंगेऱ्यावर ती अभ्यासली होती. किडीला किडीचाच रोग लावायचा ही कल्पना इतकी जुनी आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. मी स्वतः ती अजून वापरलेली नाही.

याच काळात साळुंक्यांशी माझा झगडा चालला होता. सकाळी सहासात जणी उतरायच्या, चोची खुपसून गवत उपटायच्या, आणि मी टाळ्या वाजवत धावायचे. खणून पाहिल्यावर कळलं की त्या मला जागा दाखवत होत्या. पक्षी एकाच ठिकाणी रोज येऊन उकरत असतील तर खाली अळ्या आहेत असं समजावं. तसंच काळसर, केसाळ, मोठ्या गांधीलमाश्या गवतापासून वीतभर उंचीवर गोल गोल फिरताना दिसल्या तर त्यांना मारू नका. त्यांची मादी जमीन उकरून हुमणी शोधते, डंख मारून तिला लुळी करते आणि तिच्यावर अंडं घालते. मी एकीला असं मातीत शिरताना पाहिलं. बराच वेळ ती आतच होती, वर आली तेव्हा पंखांवर माती होती. ती झटकली आणि दोन हातांवर पुन्हा उकरायला लागली.

हुमणीचं असं झालं म्हणून पुढच्या वेळीही हुमणीच असेल असं नसतं. काही महिन्यांनी एका सकाळी झोक्याजवळचं गवत एका रात्रीत कुरतडलेलं दिसलं. ओढून पाहिलं तर निघेना. मुळं शाबूत होती, म्हणजे खाणारी कीड वर होती. यासाठी साबणाच्या पाण्याचा उपाय आहे. चार लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन मोठे चमचे घालायचे आणि तीन फूट लांब-रुंद जागेवर सावकाश ओतायचं. मग तिथेच बसून राहायचं, दहा मिनिटं. पहिली चारपाच मिनिटं काहीच झालं नाही. मग एक पातं हललं, त्याच्या बुडातून एक हिरवट तपकिरी अळी चढून टोकाला आली, मागोमाग आणखी दोन. साबणाने त्यांचं अंग चुरचुरतं म्हणून त्या वर येतात. एकीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसत होता, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. लष्करी अळी. झोक्याच्या फळीखाली कापसाच्या पुंजक्यासारखं जे काही चिकटलं होतं, ती तिचीच अंडी होती. पाहून झालं की त्या जागेवर साधं पाणी मारावं, नाहीतर उन्हात साबणाने गवत भाजतं. हुमणी मात्र या पाण्याने वर येत नाही, तिला खणूनच काढावं लागतं.

अळ्या लहान होत्या तोवर बीटी मारलं. हा जिवाणू पात्यावर बसतो, अळीने तो खाल्ला तरच तिच्या पोटात काम करतो, म्हणून कोवळ्या अळ्यांवर आणि संध्याकाळी फवारायचा. मोठ्या अळ्या मी हाताने वेचल्या. या अळीने कितीही खाल्लं तरी बुंधा राहतो, त्यामुळे गवत पुन्हा फुटतं. आमचं तीन आठवड्यांत सावरलं.

संध्याकाळी गवतातून चालताना राखाडी बारीक पतंग पायाशी उडून दोन हातांवर पुन्हा बसत असतील, आणि पहाटे दवात पात्यांच्या बुडाशी रेशमी जाळ्या दिसत असतील, तर ती जाळी करणारी अळी. तिलाही हेच साबणाचं पाणी आणि हेच बीटी. फरशीच्या कडेने, कडक उन्हाच्या पट्ट्यात गवत वाळत असेल आणि पाणी घालूनही सुधारत नसेल, तर रस शोषणारे बारीक ढेकणासारखे किडे असू शकतात. त्यांच्यासाठी दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा दोनतीन इंच जमिनीत दाबायचा, काठोकाठ पाणी भरायचं आणि पाणी जिरेल तसं घालत राहायचं. दहा मिनिटांत ते वर तरंगतात. मोठे काळे, पाठीवर पांढरे पंख दुमडलेले, पिल्लं तांबडी आणि मधोमध पांढरा पट्टा. तशाच दिसणाऱ्या, पण टपोऱ्या डोळ्यांच्या किड्यांना सोडून द्यावं, ते या किड्यांनाच खातात.

आणि पुष्कळदा कीड नसतेच. माझ्या बहिणीने मला यावर बरंच ऐकवलं. मेलेल्या गोल डागाभोवती गर्द हिरवं कडं असेल तर तिथे कुत्रा लघवी करून जातो. पात्यांची टोकं पांढरट आणि फाटल्यासारखी दिसत असतील तर कापणीच्या यंत्राचं पातं बोथट झालंय. मातीखाली दगड किंवा विटांचे तुकडे राहिले असतील तर तेवढाच भाग आधी वाळतो. खताची मूठ एका जागी सांडली तरी गवत जळतं. यातल्या कशालाही कीटकनाशक काही करणार नाही.

रसायनं कधीच वापरू नयेत असं मी म्हणत नाही. प्रमाणाबाहेर कीड असेल, दुसरं काही चालत नसेल, तर त्या किडीचंच औषध, तेवढ्याच भागात, लेबलवर लिहिलंय तितकंच घ्यावं. हिरवळीत तणांची बारीक फुलं असतील तर आधी ती कापून टाकावीत, तिथे मधमाश्या येतात. वाळेपर्यंत मुलांना आणि जनावरांना त्या बाजूला जाऊ देऊ नये.

माझ्या मते खरा फरक पडला तो रोजच्या सवयींनी. पूर्वी मी गवत अगदी बारीक कापायचे, गालिच्यासारखं दिसावं म्हणून. आता एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. पाती उंच राहिली की मुळं खोल जातात. रोज थोडं थोडं शिंपडण्याऐवजी दोनतीन दिवसांआड पहाटे भरपूर पाणी देते. मेलेल्या काड्यांचा थर अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला की दाताळ्याने ओढून काढते, किडींना लपायला तीच जागा आवडते. नत्राचं खत निम्म्यावर आणलं, कारण लुसलुशीत वाढीवर अळ्या तुटून पडतात. बाहेरचा दिवा आता कामापुरताच लावतो, आणि भुंगेरे उडायच्या दिवसांत दिवेलागणीनंतर तो बंदच असतो.

गांडुळं परतायला बरेच महिने लागले. मातीच्या बारीक गोळ्यांचा पहिला ढीग कुंपणाजवळ दिसला, तिथे मी त्या संध्याकाळी पंप नीट पोचवला नव्हता.

परवा पुन्हा पाच ठिकाणी खणलं. नळापाशी एक, झोक्यापाशी एकही नाही, दिव्याखाली दोन. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा मोठ्याने म्हणायला लावत होते. दोन्ही हुमण्या मातीत ठेवल्या, थर जागेवर बसवला, पायाने दाबला आणि पाणी घातलं. दिव्याखालचा हातभर तुकडा अजून भरून आलेला नाही. तिथे कुंपणाजवळच्या गवताच्या काड्या आणून लावल्या आहेत. त्या रुजेपर्यंत अण्णा तेवढ्या जागेला वळसा घालून चालतात. कुठून वळायचं ते त्यांना दिसावं म्हणून मी तिथे चार पांढरे दगड ठेवलेत.